छोटी डिझेल गाडी घ्यावी की नाही : निर्णयापूर्वी करायचा हिशेब

डिझेल गाडी परवडते का, या प्रश्नाचे उत्तर बारा-चौदा वर्षांपूर्वी फारसा विचार न करता देता येत असे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते आणि डिझेलचा दर सरकार ठरवत होते. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक छोट्या गाड्यांत फियाटचे तेच १२४८ सीसीचे काटकसरी इंजिन बसवलेले असे आणि त्यांपैकी बरीच इंजिने पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि त्याच सुमारास मारुतीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले. घरातील वडीलधारी मंडळी आजही ‘रनिंग असेल तर डिझेलच घे’ असे सांगतात. हा सल्ला त्या काळात पूर्ण होता, आज तो अर्धाच आहे. आता रनिंग किती आहे याच्या बरोबरीने ते कसे आहे, म्हणजे एकेक फेरी किती लांबीची आणि किती सलग आहे, हेही पाहावे लागते. पहिलीच गाडी घेणाऱ्यांनी हा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा, ते पुढे सांगितले आहे.

आधी रनिंगची नोंद करा

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी निदान एक महिना आपल्या प्रवासाची वही ठेवावी. सध्या दुचाकी, एसटी किंवा दुसऱ्याची गाडी वापरत असाल, तरी आपण रोज कोठून कोठे जातो हे लिहून काढता येते. प्रत्येक फेरीसाठी अंतर, लागलेला वेळ आणि रस्त्याचा प्रकार या तीन गोष्टी नोंदवा. महिन्याची बेरीज हजार किलोमीटर आली, तरी त्या हजाराचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एका व्यक्तीचे हजार किलोमीटर चिंचवड ते हिंजवडी अशा रोजच्या, सिग्नलवर थांबत जाणाऱ्या फेऱ्यांतून जमतात, तर दुसऱ्या व्यक्तीचे सातारा ते पुणे अशा दर आठवड्याच्या दोन लांब फेऱ्यांतून. दोघांचा इंधनखर्च कदाचित फार वेगळा नसेल, पण डिझेल गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने हे दोन वापर परस्परविरुद्ध आहेत, आणि त्याचे कारण पुढे डीपीएफच्या, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या, भागात येईल.

वर्षातून दोनदा गावी जाणे, दिवाळीतील सहल, मुलांना वसतिगृहात सोडणे असे प्रवास या नोंदीत वेगळे धरावेत. लोक बहुधा याच प्रवासांच्या आठवणीवर ‘आपले रनिंग भरपूर आहे’ असे ठरवतात. वर्षाच्या बेरजेत त्यांचा वाटा मात्र अनेकदा थोडाच निघतो.

किलोमीटरमागचा खर्च

कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज हे प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेले असते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी तो आकडा उपयोगी आहे, घरखर्चाच्या हिशेबासाठी नाही. तेच मॉडेल वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाला टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीने ॲव्हरेज काढायला सांगा. टाकी काठोकाठ न भरता पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी आणि गेलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. डॅशबोर्डवरचा आकडा यापेक्षा बहुतेक वेळा थोडा उदार असतो.

उदाहरणापुरते पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. प्रत्यक्षात छोटी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि त्याच आकाराची डिझेल गाडी २० किलोमीटर देते असे मानले, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे आणि डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे येतो. म्हणजे बचत २ रुपये ३८ पैसे. या बचतीचा मोठा भाग दरातील फरकापेक्षा जास्त ॲव्हरेजमधून येतो, हे ध्यानात घ्यावे. डिझेलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन त्या ऊर्जेचा वापरही अधिक चांगला करते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्याने पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज थोडे घटते.

दर मात्र आपल्या गावचेच घ्यावेत. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि डिझेलवर २१ टक्के मूल्यवर्धित कर आहे, त्यामुळे दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर येथे ठळक दिसते. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने तेथे हे अंतर कमी आहे, आणि पणजी किंवा मडगावात राहणाऱ्याने मुंबईच्या आकड्यांवर केलेला हिशेब त्याला डिझेलचा फायदा वाढवून दाखवेल.

जास्तीचे पैसे नेमके किती जातात

येथे घाई करू नये, कारण विक्रेता एक्स-शोरूम, म्हणजे वाहन कर आणि विमा धरण्याआधीच्या, किमतीतला फरक सांगतो आणि आपल्या खिशातून जातो तो हे सगळे धरून होणारा ऑन-रोड फरक. समजा, एकाच गाडीचे पेट्रोल मॉडेल आठ लाखांचे आणि डिझेल मॉडेल नऊ लाख वीस हजारांचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सारखाच १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून केंद्राच्या करात आता डिझेलला वेगळा दंड नाही. राज्याच्या करात मात्र तो आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के वाहन कर लागतो. आपल्या उदाहरणात पेट्रोल गाडीचा कर ८८,००० आणि डिझेल गाडीचा १,१९,६०० रुपये झाला. म्हणजे मूळ १ लाख २० हजारांच्या फरकात ३१,६०० रुपयांची भर पडली. विम्यात तृतीय पक्षाचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो आणि १००० ते १५०० सीसी हा एकच गट असल्याने तो दोन्ही गाड्यांना समान येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता तेवढा किमतीच्या प्रमाणात वाढतो. सगळे मिळून फरक १ लाख ५५ हजारांच्या आसपास जातो.

गाडी कर्जावर घ्यायची असेल, तर या जास्तीच्या रकमेचेही हप्ते भरावे लागतात. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांत १ लाख ५५ हजारांचे सुमारे १ लाख ९३ हजार होतात. यापुढे देखभालीचा खर्च येतो. डिझेल इंजिनात तेल जास्त लागते, इंधनाचा फिल्टर महाग असतो आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) व इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) यांची कामे किरकोळ नसतात. म्हणून किलोमीटरला २५ पैसे जास्तीचे धरावेत असे मी सुचवतो. आता निव्वळ बचत २ रुपये १३ पैसे उरली, आणि तिने १ लाख ९३ हजारांना भागले की उत्तर येते सुमारे नव्वद हजार किलोमीटर. एवढे अंतर कापल्यावरच डिझेल गाडी फायद्यात येते.

महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याला यासाठी पावणेचार वर्षे लागतील, हजार किलोमीटरवाल्याला साडेसात, आणि महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला साडेबारा वर्षांहून अधिक. गाडी विकताना जास्त दिलेल्या पैशांतले काही परत मिळतात हे खरे, आणि ग्रामीण भागात चांगल्या डिझेल गाडीला गिऱ्हाईक लवकर लाभते हेही खरे. पण दहा वर्षांनंतरच्या पुनर्विक्रीच्या किमतीवर आजचा निर्णय उभा करणे मला योग्य वाटत नाही. ती रक्कम हिशेबाबाहेर ठेवावी. माझ्या मते महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली केवळ पैशांसाठी नवी डिझेल गाडी घेऊ नये.

तुलना फक्त पेट्रोलशी करू नका

छोट्या गाड्यांत डिझेलचा खरा प्रतिस्पर्धी आज सीएनजी आहे. किलोला ८५ रुपये दर आणि किलोमागे २५ किलोमीटर ॲव्हरेज धरले, तर खर्च किलोमीटरला ३ रुपये ४० पैसे होतो, म्हणजे डिझेलपेक्षाही कमी. सीएनजी मॉडेलसाठी मोजावी लागणारी जास्तीची रक्कम आणि त्यावरचा वाहन कर, दोन्हीही डिझेलच्या मानाने कमी असतात. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्याने सीएनजी नाकारण्यापूर्वी त्याला ठोस कारण द्यावे.

अशी कारणे असतात. ६० लिटर पाण्याच्या क्षमतेच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलोच गॅस भरता येतो, त्यामुळे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरनंतर पंप शोधावा लागतो. डिकीतली जागा जाते किंवा कमी होते. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते. रांगेत उभे राहण्याचा वेळ कोणत्याही हिशेबात येत नाही, पण तो आपल्याच आयुष्यातला असतो. मराठवाड्याच्या किंवा विदर्भाच्या अंतर्गत भागात, तळकोकणात किंवा घाटमाथ्यावरच्या गावांत राहणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या मार्गावर सीएनजी पंप नेमके कोठे आहेत आणि त्यांवर गॅस नियमित असतो का, हे स्वतः जाऊन पाहावे. तेथेच डिझेलची बाजू आजही बळकट आहे.

डीपीएफ : नव्या डिझेल गाडीची मुख्य अट

बीएस-४ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण आणि २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा होती. बीएस-६ ने या मर्यादा अनुक्रमे ४.५ आणि ८० मिलिग्रॅमवर आणल्या. कणांची मर्यादा गाठण्यासाठी धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी बसवावी लागते. ही गाळणी काजळी अडवते, साठवते आणि पुरेशी साठली की जाळून टाकते. हे जाळणे आपोआप होते, पण त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते. गाडीचा संगणक नेहमीपेक्षा जास्त डिझेल सोडून ते तापमान गाठतो आणि पुढची दहा-वीस मिनिटे गाडी बऱ्यापैकी वेगाने सलग चालत राहावी लागते.

आता रोज चार किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडणारी, तेथून सहा किलोमीटरवर कार्यालयात जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. इंजिन पूर्ण तापण्याआधीच ते बंद होते. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू झाली तरी अर्ध्यावर तुटते, आणि असे अनेकदा झाले की गाळणी भरत जाते. जाळण्यासाठी सोडलेल्या जास्तीच्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची, पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. प्रथम डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. त्या वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढून, माहितीपुस्तिकेत दिलेल्या वेगाने सलग चालवली, तर प्रश्न बहुधा मिटतो. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते आणि सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र जोडून गाळणी साफ करावी लागते. तेही जमले नाही तर ती बदलावी लागते आणि तेव्हा काही वर्षांची इंधनबचत एका बिलात जाते.

म्हणूनच रनिंगच्या नोंदीत फेरीची लांबी लिहायला सांगितले. आठवड्यातून निदान एकदा अर्धा-पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर जाण्याची ज्याची खात्री नाही, त्याने नवी डिझेल गाडी घेऊ नये. मग त्याचे मासिक किलोमीटर कितीही असोत. निर्णयाच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी या अटीला सर्वांत जास्त वजन देतो.

नायट्रोजन ऑक्साइडसाठी काही गाड्यांत युरियाचे द्रावण वापरतात. पंपावर ते डीईएफ किंवा ॲडब्लू या नावाने मिळते, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि त्यासाठी वेगळी टाकी असते. ते संपत आल्याची सूचना आधी मिळते, पण पूर्ण संपल्यावर गाडी बंद केली तर ती पुन्हा सुरू होत नाही. आपण पाहत असलेल्या मॉडेलमध्ये ही टाकी आहे का, किती लिटरची आहे आणि ती किती किलोमीटर पुरते, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

प्रदूषणाचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगतो की एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.६८ किलो आणि पेट्रोल जाळल्यावर २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या उदाहरणातील ॲव्हरेज धरले, तर डिझेल गाडी किलोमीटरला १३४ ग्रॅम आणि पेट्रोल गाडी १५४ ग्रॅम सोडते. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मात्र पेट्रोलला ६० आणि डिझेलला ८० मिलिग्रॅम आहे. डीपीएफ काढून टाकलेली डिझेल गाडी या कोणत्याच हिशेबात बसत नाही, ती शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर चालते. गॅरेजमधल्या कोणी तसे सुचवले तर नकार द्यावा. ते बेकायदाही आहे.

पर्याय आणि चाचणी

हॅचबॅक प्रकारात आता टाटा अल्ट्रोझ हीच डिझेलमध्ये उरली आहे. चार मीटरच्या आतल्या उंच गाड्यांत टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ यांची १.५ लिटरची डिझेल इंजिने मिळतात. मॉडेल बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी खात्री करावी.

चाचणीसाठी शोरूमभोवतीची एक फेरी पुरत नाही. चार माणसे बसवून, एसी लावून, चढाच्या रस्त्यावर गाडी मागा. डिझेल इंजिनाचे मोल खंबाटकी, आंबोली किंवा ताम्हिणी घाटात कळते. अल्ट्रोझच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, २०० न्यूटन-मीटर आहे आणि तिच्याच १.२ लिटर पेट्रोलचा साधारण ११५, त्यामुळे भरलेली गाडी चढावर वारंवार खालच्या गिअरमध्ये टाकावी लागत नाही. उलट, कमी वेगात टर्बो जागा होण्याआधी गाडी क्षणभर रेंगाळते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस किलोमीटरवरून वेग वाढवून तो क्षण अनुभवा. क्लचचे वजन, थंड इंजिनाचा आवाज आणि सीटला जाणवणारी थरथर हे सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाच पाहावे. रोज गर्दीत गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला हा फरक लवकर कळतो.

जुनी डिझेल गाडी घेत असाल तर

जास्तीचे पैसे पहिल्या मालकाने भरलेले असल्याने, वापरलेल्या डिझेल गाडीत हिशेब पुष्कळदा लवकर जुळतो. जोखीम तेवढी वाढते. विश्वासातला मेकॅनिक सोबत न्या आणि इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जा. सुरू करताना निघणारा क्षणिक धूर चालतो, पण सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, दाट काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा टर्बोचे काम आहे, आणि न थांबणारा पांढरा धूर असेल तर व्यवहार तेथेच सोडावा. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने वाफ किंवा धूर येत असेल तर इंजिन थकलेले आहे. बीएस-६ गाडी असल्यास डीपीएफ जागेवर आहे का, हे गाडी रॅम्पवर चढवून पाहून घ्या.

स्वस्त मिळणाऱ्या दिल्ली पासिंगच्या गाड्यांबाबत विशेष सावध राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. न्यायालयाने २०२५ मध्ये अंमलबजावणीत काही सवलत दिली असली, तरी या काळात अनेक गाड्या कमी किमतीत इतर राज्यांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि डिझेलसाठी असा दहा वर्षांचा नियम नाही. पण परराज्यातील गाडीला फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील वाहन कर आणि नवा क्रमांक हे सर्व लागते, तेव्हा किंमत ठरवताना हा खर्च वजा करूनच बोलावे. राज्यातल्याच गाडीची मालकी आपल्या नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेल्या ई-चलनांची माहिती परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून मिळते.

गाडी घरी आल्यावर

डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राख सोडणारे, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच इंजिन ऑइल टाकावे. साधे ऑइल जळून उरलेली राख गाळणीत बसते आणि काजळीप्रमाणे ती जाळता येत नाही. पावसाळ्यात शक्यतो जास्त उठाव असलेल्या पंपावरूनच डिझेल भरावे आणि फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा लागला तर गाडी पुढे न रेटता पाणी काढून घ्यावे. लांबच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवले, तर टर्बोला थंड होण्यास वेळ मिळतो. पंपावर दर वेळी ‘डिझेल’ असे स्पष्ट सांगून, मीटर शून्य पाहतानाच नोझलही पाहावे. चुकून पेट्रोल भरले गेल्यास किल्ली फिरवू नये आणि इंजिन क्षणभरही सुरू करू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी, सर्व्हिस सेंटरला फोन करावा आणि टाकी पूर्ण रिकामी करून घेतल्यावरच ती चालवावी, कारण उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलकडूनच मिळते आणि पेट्रोल आत गेल्यावर ते काही मिनिटांत खराब होऊ शकतात.